एपीपीची ऑर्डर, जजची परीक्षा की बार रूममधली खुर्ची?

तालुका_वकील:
नमस्कार. धागा काढताना जरा भीतीच वाटतेय. इथे वकील पुष्कळ आहेत, आणि वकिलाला प्रश्न विचारला की आधी तारीख मिळते.

वय तीस. सनद घेऊन सहा वर्षं झाली. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सीनियरकडे पाच वर्षं काढली, गेल्या वर्षापासून स्वतःचं टेबल टाकलंय. कधी महिन्याला चाळीस हजार सुटतात, कधी बार रूमचा चहासुद्धा उधारीवर. एमपीएससीतून एपीपी, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणून निवड झाली आहे, ऑर्डर यायची आहे. जेएमएफसीच्या (तालुका कोर्टातले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षेचा अभ्यासही चालू आहे. वडील म्हणतात जजच हो. सीनियर म्हणतात, सरकारात गेलीस की अशील तुटले, परत आलीस की पाटी कोरी.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एपीपीची वर्षं पुढे वकिली म्हणून धरतात का? आणि तिन्ही ठिकाणी, म्हणजे सरकार पक्षात, डायसवर (न्यायाधीशाच्या खुर्चीत) आणि खाजगी वकिलीत, काम केलेलं कुणी इथे आहे का? मला पगार-भत्ते नकोत, ते जाहिरातीत असतात. रोजचा दिवस कसा जातो ते ऐकायचं आहे.

वऱ्हाडी_वकील:
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. राज्यघटनेच्या कलम २३३(२) प्रमाणे जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला सात वर्षांची वकिली लागते. सरकारी अभियोक्ता हा नोकरदार की वकील, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१३ साली दीपक अगरवाल प्रकरणात निकाल लागला: कोर्टात उभं राहून खटले चालवतो तो वकीलच, पगार सरकार देत असलं तरी. तेव्हा वर्षं वाया जात नाहीत.

खालच्या परीक्षेचं म्हणाल तर २० मे २०२५ च्या निकालानं तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. २००२ साली ती काढली होती, म्हणून मधल्या काळात कॉलेजातून थेट डायसवर गेलेली पोरं आपण पाहिली. तुमची सहा वर्षं झालीत, तुम्हाला चिंता नाही.

आणि ९ ऑक्टोबर २०२५ चा पाच न्यायमूर्तींचा निकाल वाचून ठेवा. २०२० च्या धीरज मोर निकालानं खालच्या न्यायाधीशांना थेट भरतीचं दार बंद केलं होतं, ते उघडलं. आता वकिली आणि न्यायाधीशपद मिळून सात वर्षं भरली आणि वय पस्तीस असलं की अर्ज करता येतो. म्हणजे आज जेएमएफसी झालात तरी पुढची वाट फक्त बढतीची नाही.

आमच्या नागपूरचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. भूषण गवई साहेबांनी १९८५ ला वकिली सुरू केली, १९९२-९३ मध्ये वर्षभर नागपूर खंडपीठात सहायक सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी अभियोक्ता, मग २००० ला सरकारी वकील व सरकारी अभियोक्ता, २००३ ला उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि २०२५ ला सरन्यायाधीश. रंजना देसाई मॅडमही मुंबईत सरकारी वकील होत्या, १९९६ ला न्यायमूर्ती झाल्या, आणि २०११ मध्ये कसाबची फाशी कायम करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठावर त्याच होत्या.

पारावरचा:
मी वकील नाही, कोर्टाची पायरी फक्त वाटणीच्या दाव्यासाठी चढलो. पण विचारतो. जो माणूस दहा वर्षं "आरोपीला शिक्षा व्हावी" म्हणत उभा होता, तोच उद्या वर जाऊन बसला तर त्याचं मन आधीच एका बाजूला झुकलेलं नसणार का?

लघुलेखक:
डायसच्या खालीच बसतो. चोवीस वर्षं झाली, बऱ्याच साहेबांची डिक्टेशनं घेतली. उत्तर देतो.

एपीपीतून आलेले साहेब शिक्षा जास्त देतात ही समजूत चुकीची. त्यांनी फाइल आतून पाहिलेली असते. पंचनामा पोलीस ठाण्यात बसून लिहिलाय की जागेवर, हे त्यांना दुसऱ्या वाक्याला कळतं. खरा त्रास त्यांना दिवाणीत होतो. आमच्याकडे तालुक्याला एकच साहेब सकाळी फौजदारी चालवतात आणि दुपारी दिवाणी. एपीपी साहेब साक्ष सुरेख नोंदवतात, पण नि. ५ समोर आला की चेहरा बदलतो. (वकील नसलेल्यांसाठी: दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा जो अर्ज येतो त्याला आपल्याकडे बहुधा निशाणी पाच पडते, म्हणून त्याचं नावच नि. ५.) बांध, वहिवाट, सामाईक विहीर, सात-बारावरची जुनी फेरफार नोंद. एका साहेबांनी पहिल्या नि. ५ चा आदेश तीनदा फाडला. नाव सांगत नाही. चांगला माणूस होता.

आणि चेकच्या केसेस. कलम १३८ ची फिर्याद खाजगी, त्यात सरकारी वकील नसतोच. एपीपी असताना त्या कपाटाकडे कुणी पाहत नाही. जज झाल्यावर अर्धं बोर्ड, म्हणजे दिवसाच्या कामांची यादी, तेच असतं.

माजी_साहेब:
मुली, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला हात वर करतो. १९९२ ला सनद, ९६ ला एपीपी, २००१ ला जेएमएफसी, २०१८ ला तदर्थ जिल्हा न्यायाधीश असताना मुदतीआधी बाहेर पडलो. आता पुन्हा काळा कोट. गावांची नावं घेणार नाही, माणसं अजून तिथेच आहेत. "तू" म्हणतो, राग मानू नकोस, माझी धाकटी तुझ्याच वयाची.

आधी एपीपी. आमच्या जरा आधीपर्यंत हे पद पोलीस खात्याच्या ताब्यात होतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ ने पोलीस अधिकाऱ्याला या पदाला अपात्र ठरवलं, पण एपीपींचं आस्थापन खात्याखालीच राहिलं. १९९५ ला शहाणे विरुद्ध महाराष्ट्र या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते वेगळं करायला लावलं. म्हणजे मी लागलो तेव्हा आम्ही कागदावर नुकते सुटलो होतो. त्या निकालाच्या आदल्या वर्षी, १९९४ ला, हितेंद्र ठाकूर प्रकरणात न्यायालयानं सांगितलं होतं की अभियोक्ता तपास यंत्रणेचा भाग नाही. मला तो परिच्छेद पाठ होता. आणि पहिल्याच दिवशी फौजदार साहेबांनी एका साक्षीदाराला माझी ओळख करून दिली: "हे आपले वकील."

दोन कोर्टांना मिळून मी एकटा. इकडे साक्षीदार पिंजऱ्यात, तिकडे पुकारा झालेला, मधल्या व्हरांड्यात मी. पैरवीचा हवालदार (पोलिसांतर्फे कोर्टाची कामं बघणारा) सकाळी साडेदहाला गठ्ठा हातात ठेवायचा. दोषारोपपत्र आदल्या रात्री वाचायला मिळणं ही चैन. पंच तर असा की चार वेगवेगळ्या गुन्ह्यांत तोच, ठाण्यासमोरचा पानवाला. कोर्टात आला की "मला काही माहीत नाही, सही केली." मग कोर्टाच्या परवानगीनं आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास. ती परवानगी मागताना आवाजात राग येऊ द्यायचा नाही, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

पण खरी अडचण वेगळी. एपीपीला अशील नसतो. मार खाल्लेली बाई व्हरांड्यात येऊन विचारायची, "साहेब, तुम्ही माझे वकील ना?" कायद्यानं उत्तर "नाही" असं आहे. मी राज्याचा. मी दर वेळी "हो" म्हणायचो.

बाकी उद्या. नातू लॅपटॉप मागतोय.

न्यूजर्सीकर:
इकडे अमेरिकेत बहुतेक राज्यांत डिस्ट्रिक्ट ॲटर्नी निवडणुकीत निवडून येतो आणि पुष्कळ राज्यांत न्यायाधीशही. अभियोक्त्याचं काम करून मग न्यायाधीश होणं ही इथली मळलेली वाट. तिकडची निवृत्त न्यायाधीशांनी पुन्हा वकिली करण्याची पद्धत मात्र मला विचित्र वाटते.

वऱ्हाडी_वकील:
विचित्र कसं? घटनेनंच ठरवून दिलंय. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती निवृत्तीनंतर देशात कुठेही उभे राहू शकत नाहीत. उच्च न्यायालयाचे कायम न्यायमूर्ती स्वतःचं न्यायालय आणि त्याखालची न्यायालयं सोडून सर्वोच्च न्यायालयात किंवा दुसऱ्या उच्च न्यायालयात उभे राहू शकतात, कलम २२०. आपले सासवडचे तारकुंडे साहेब १९५७ ते १९६९ मुंबईला न्यायमूर्ती होते, मग सोडून दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकिली केली. जिल्हा पातळीवरच्यांना बार कौन्सिलचे नियम. निवडणूक लढवून अभियोक्ता झालेला माणूस मला जास्त विचित्र वाटतो, बाप्पा. प्रत्येक केसमागे मतं मोजायची!

गावगाडा७७:
सगळे विकले गेलेले आहेत. जज, वकील, पोलीस. पोरी, शेती कर.

लघुलेखक:
शेतीचेच दावे आहेत माझ्या कपाटात, चारशेच्या वर. पुढे बोला साहेब.

माजी_साहेब:
जज झाल्यावर पहिली गोष्ट गेली ती चहा. बार रूममध्ये नऊ वर्षं ज्या टोळक्यात बसलो होतो, त्यांनी नव्या गावात फोन करून अभिनंदन केलं आणि मग फोन बंद झाले. त्यांचं बरोबरच होतं. नव्या गावात लग्नाला गेलो की पुढच्या रांगेत एकटा खुर्चीवर, दहा मिनिटांत अक्षता आणि बाहेर. मुलीच्या वर्गात एका वकिलाचा मुलगा होता. वाढदिवसाला जायचं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा. मंडईत भाजीवाल्यानं पैसे घ्यायला नकार दिला की बायको भाजी तिथेच ठेवून परत यायची. आणि दर तीन वर्षांनी सामानाचा ट्रक.

युनिटचं कुणी सांगत नाही. तिमाहीत ठरावीक निकाली कामाचा हिशोब द्यावा लागतो. कबुलीचं किरकोळ प्रकरण चटकन निघतं, वीस साक्षीदारांचा जुना खटला वर्ष खातो. तिमाही संपत आली की हात कुठल्या फाइलकडे जातो, ते मला माझ्याच हातावरून कळायचं.

आता मूळ गोष्ट. जेएमएफसी म्हणून तिसरं वर्ष. दंड संहितेचं कलम ३२४, कोयत्याचा वार, आज नव्या न्याय संहितेत तो ११८(१). डॉक्टर पिंजऱ्यात. एपीपी नवा मुलगा, पळत आलेला, अगदी मी होतो तसा. सरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराला विचारायचे प्रश्न, संपवला आणि खाली बसला. कोयता टेबलावर सीलबंद पडून. "ही जखम या हत्यारानं होऊ शकते का," हा एक प्रश्न विचारायचा राहिला. मला दिसत होतं, तो विसरलाय. फिर्यादी मागच्या बाकावर, मनगटापर्यंत बँडेजच्या खुणा.

पुरावा कायद्याच्या कलम १६५ नं न्यायाधीशाला कुठलाही प्रश्न विचारता येतो, नव्या अधिनियमात ते १६८. मी विचारला. डॉक्टर "हो" म्हणाले. मग मला थांबता येईना. जखमेची दिशा विचारली, खोली विचारली, पडून अशी जखम होईल का तेही विचारलं. पाच-सहा प्रश्न झाले असतील. सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्या रात्री निवांत झोप लागली, हे कबूल करतो.

अपिलात आरोपी सुटला. न्यायाधीशानं विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर उलटतपास घ्यायचा तर कोर्टाची परवानगी लागते. आरोपीच्या वकिलांनी ती मागितली होती आणि मी "काय गरज आहे" म्हणून नाकारली होती. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, माझ्याच अक्षरात. सत्र न्यायाधीशांनी १९८१ च्या राम चंदर निकालाचा आधार घेतला: न्यायाधीशानं नुसतं बघत बसू नये, पण आखाड्यातही उतरू नये. आणि एक वाक्य लिहिलं की खालच्या कोर्टानं अभियोग पक्षाची जागा घेतलेली दिसते.

पारावरचा विचारतात ते हेच. मन झुकतं का? शिक्षेकडे झुकतं असं नाही. जुनं काम हातात राहतं. समोरचा मुलगा चुकला की आपल्याच घशात प्रश्न येतो.

पारावरचा:
पण साहेब, जखम खरी होती ना? मग प्रश्न विचारून काय चुकलं?

माजी_साहेब:
प्रश्न विचारणं चुकलं नाही. उलटतपासाला नाही म्हणणं चुकलं. पहिला प्रश्न विचारून थांबलो असतो आणि समोरच्याला परवानगी दिली असती तर शिक्षा टिकली असती, असं आजही वाटतं. त्या निकालाची नक्कल टेबलाच्या खणात आहे.

तालुका_वकील:
सर, आणि बाहेर पडल्यावर? सीनियर म्हणतात तशी पाटी कोरी होते का?

माजी_साहेब:
कोरी नाही होत, त्यावर भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं.

जिथे शेवटची वर्षं बसलो तो जिल्हा सोडला. नियमाचा भाग आहेच, पण ज्यांची कामं मी रोज तपासली त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांनाच "विद्वान मित्र" म्हणायला मला जमलं नसतं. दुसऱ्या जिल्ह्यात सनद सुरू करून पहिल्या दिवशी कोर्टात गेलो, तर पाय आपोआप चेंबरच्या दाराकडे. पट्टेवाल्यानं दार उघडलंही! आत साहेब रोजनामा लिहीत होत्या. दोघांनीही एकमेकांना नमस्कार केला आणि मी उलट्या पावली बाहेर.

पहिले अशील आले ते कायद्यासाठी नाही आले. "साहेब तुमच्या ओळखीचे असतील ना" म्हणून आले. पहिल्या वर्षी असे जितके परत पाठवले त्यातल्या निम्म्यांची जरी वकीलपत्रं घेतली असती तर घराचं छप्पर झालं असतं. त्यातून फी मागता येत नव्हती. बावीस वर्षं पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर. कुणी "किती द्यायचे" विचारलं की मी "बघू" म्हणायचो आणि तो खरंच बघायला निघून जायचा. माझी ज्युनिअर, तुझ्यासारखीच, एक दिवस म्हणाली, "सर, आकडा तुम्ही माझ्या डायरीत लिहा, सांगते मी." तेव्हापासून ऑफिस चाललं.

कामाला आलं काय? अपिलं. निकालपत्र कुठे सैल आहे ते चटकन दिसतं, कारण मीही तसंच सैल लिहिलेलं आहे, तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात. रोजनामा आधी वाचतो, निकाल नंतर. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि आपल्या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांची मुंबईच्या रात्रीच्या गाडीची कटकट संपली. तू बाहेर राहिलीस तर या गोष्टीचा हिशोब जरूर धर. तुझ्या सीनियरच्या उमेदीच्या काळात हे नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी मी आरोपीतर्फे उभा होतो. पुन्हा मारहाण, पुन्हा डॉक्टर, पुन्हा एपीपी एक प्रश्न विसरली. डायसवरच्या साहेबांनी तो विचारला. मी उठून त्या उत्तरावर उलटतपासाची परवानगी मागितली. त्यांनी दिली, लगेच, चांगले होते. चार प्रश्नांत डॉक्टर "निश्चित सांगता येणार नाही" वर आले. अशील सुटला. बाहेर जिन्यात फिर्यादीची आई बसली होती. तिनं मला ओळखलं नाही, पाणी कुठे मिळेल ते विचारलं. मी दाखवलं.

वऱ्हाडी_वकील:
साहेब, अशील खरोखर निर्दोष होता?

माजी_साहेब:
पुढचा प्रश्न.

गृहिणी_आणि_बरंच:
माझे मिस्टर जेएमएफसी आहेत, मी स्वतः वकील. लग्नानंतर ज्या कोर्टात ते बसतात तिथे मी उभी राहू शकत नाही. दर बदलीला माझं ऑफिस बंद. तालुका_वकील, लग्न व्हायचं असेल आणि मुलगा वकील असेल तर हे आधी बोलून घे. पगार चांगला आहे, दुसऱ्या न्यायिक वेतन आयोगानंतर सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० आहे, पण घरातल्या दुसऱ्या सनदेचा त्यात विचार नाही.

तालुका_वकील:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद ताई. (मुलगा वकील आहे. आणि त्याला अजून माहीत नाही की त्याच्याबद्दल इथे लिहिते आहे.)

माजी सर, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. एपीपीची ऑर्डर आली तर घ्यायची असं आता जवळजवळ ठरलंय. दोन-चार वर्षं तिथे काढीन, परीक्षा देत राहीन. फक्त लघुलेखक सरांच्या नि. ५ नं झोप उडवली. एपीपी झाले की दिवाणी हातातून जाणार. कुणाकडे बसू? काय वाचू?

लघुलेखक:
वाचून येत नाही.

माजी_साहेब:
बरोबर बोलतात ते. ऑर्डर यायच्या आत, सनद हातात आहे तोवर, एक काम कर. तुझ्या कोर्टात गेल्या दोन वर्षांत जे नि. ५ निकाली निघाले, त्यातले अपिलात फिरलेले शोध. नक्कल विभागात अर्ज टाक. खालचा आदेश आणि वरचा आदेश शेजारी ठेव आणि तिसरा तू लिही, हातानं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. जज झाल्यावरच्या प्रशिक्षणात माझ्या शेजारच्या बाकावर दिवाणीचा एक मुरलेला वकील होता, त्याची वही उतरवून मी पहिलं वर्ष काढलं.

मुलाला मात्र सांगून टाक.

तालुका_वकील:
नकलांचे अर्ज टाकले. अकरा आदेश निघाले. नक्कल विभागातले काका म्हणाले, "एवढ्या सगळ्यात तुमचं वकीलपत्र आहे का?" म्हटलं, नाही. मग म्हणाले, अर्जात कारण लिहा. काय लिहू?

लघुलेखक:
"अभ्यासाकरिता." आणि स्टॅम्प विसरू नका, परत पाठवतात.